ट्रिस्टन द कुन्हा: समान वाट्याचं बेट

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, हे मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतं. त्याच्या दोनशे वर्षं आधी, डिसेंबर १५३४ मध्ये, वसई आणि मुंबईसकट आसपासचा मुलूख गुजरातच्या बहादूरशहाकडून ज्याने तहात पदरात पाडून घेतला, तो पोर्तुगीज गव्हर्नर म्हणजे नुनो द कुन्हा. या नुनोचा बाप त्रिश्तांव द कुन्हा. १५०६ मध्ये हिंदुस्थानाकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमाराचा तो प्रमुख होता. अल्फोन्सो द अल्बुकर्क त्याच्यासोबत होता. जहाजं नेहमीच्या वाटेपेक्षा फार दक्षिणेला गेली आणि भर समुद्रात ढगांपर्यंत गेलेला एक काळा डोंगर दिसला. समुद्र खवळलेला होता, उतरता आलं नाही. कुन्हाने त्या जागेला आपलं नाव दिलं आणि तो पुढे निघून गेला. त्याच नावाचा इंग्रजी उच्चार आज चालतो: ट्रिस्टन द कुन्हा.

दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटाहून सर्वांत जवळची वस्ती सेंट हेलेनाची, आणि ती सुमारे २,४०० किलोमीटरवर. केप टाउन २,८०० किलोमीटर. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी. त्याचा माथा २,०६० मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून चारशे मीटर उंच, आणि पायथा जेमतेम अकरा-बारा किलोमीटर रुंद. बहुतेक बाजूंनी कडे सरळ पाण्यात उतरतात. वायव्येला तेवढी एक सपाट पट्टी आहे. दोनशे वर्षांचा सगळा इतिहास त्या पट्टीवर घडला.

मुळात इतक्या आडबाजूच्या ठिकाणी माणूस पोहोचला कसा? याचं उत्तर वाऱ्यात आहे. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारी शिडाची जहाजं आफ्रिकेचा किनारा धरून खाली येत नसत, तिथे वारा आडवा येतो. ती ब्राझीलच्या बाजूला मोठा वळसा घेत आणि मग दक्षिणेच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर केप ऑफ गुड होपकडे वळत. ट्रिस्टन नेमकं या वाटेवर. तिथे धबधब्याचं गोडं पाणी होतं, सील होते, पक्षी होते. ज्याला आज आपण जगातलं सर्वांत एकाकी गाव म्हणतो, ते शिडांच्या काळात हमरस्त्यावर होतं. ते एकाकी पडलं नंतर, रस्ता बदलल्यावर. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय या बेटाचा इतिहास कळत नाही.

पहिला वस्ती करणारा अमेरिकेच्या सेलम गावचा जोनाथन लँबर्ट. १८१० मध्ये तो उतरला, बेट आपल्या मालकीचं असल्याचा जाहीरनामा काढला आणि १८१२ मध्ये बुडून मेला. मग नेपोलियन आला, म्हणजे सेंट हेलेनावर आला. त्याला सोडवायला फ्रेंच लोक ट्रिस्टनचा आसरा घेतील या धास्तीने इंग्रजांनी १८१६ च्या ऑगस्टमध्ये बेट ताब्यात घेऊन तिथे फौज ठेवली. वर्षभरात सरकारला उमगलं की नेपोलियनवर पहारा करायला ही जागा फार लांब आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात फौज परत निघाली.

त्या फौजेत विल्यम ग्लास नावाचा स्कॉटलंडचा एक कॉर्पोरल होता. तो म्हणाला, मी इथेच राहतो. सोबत बायको मारिया, केपची, आणि दोन लहान मुलं. प्लिमथचे दोन गवंडीही राहिले, सॅम्युएल बर्नेल आणि जॉन नॅनकिव्हेल. फौज निघण्याआधी, ७ नोव्हेंबर १८१७ ला, या माणसांनी एक करारनामा लिहून सह्या केल्या. गुरंढोरं आणि सामानसुमान सगळ्यांचं सारखं, नफा होईल तो सारखा वाटायचा, खर्चही सारखा, आणि सलोखा राहावा म्हणून कोणीही कोणावर वरचढपणा करायचा नाही. लष्करात हुकूम ऐकण्यात ज्याची उमर गेली अशा माणसाने मोकळं होताच पहिलं काम काय केलं, तर हुकूमच रद्द केला! आदर्श समाजाचे आराखडे त्या काळात युरोपात पुष्कळांनी मांडले, पण ते बहुतेक कागदावर राहिले किंवा काही वर्षांत मोडले. एका कॉर्पोरलने आणि दोन गवंड्यांनी केलेला हा कागद टिकला. ट्रिस्टनवर वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या आयुष्याला त्याने वळण दिलं.

पुढची भर समुद्राने घातली. २२ जुलै १८२१ ला लंडनहून मुंबईला निघालेलं ‘ब्लेंडन हॉल’ हे जहाज शेजारच्या इनॲक्सेसिबल बेटावर आपटून फुटलं. वाचलेली माणसं त्या निर्मनुष्य किनाऱ्यावर पेंग्विन, सील आणि रानभाजी खाऊन चार महिने जगली. भांडली, उपाशी राहिली, फळ्या जोडून होडी केली. पहिली होडी गेली ती परत आली नाही. दुसरी ट्रिस्टनला पोहोचली, आणि ग्लास आपली होडी घेऊन त्यांना आणायला गेला. त्यातला स्टीफन व्हाइट हा खलाशी आणि एका प्रवासी बाईंची दासी पेगी बेटावर संसार करून राहिले. ही पेगी मुंबईची, पोर्तुगीज मिश्र वंशाची. तीन वर्षांनी बेटावर गृहिणी दोनच होत्या: एक केपची मारिया ग्लास आणि दुसरी मुंबईची पेगी. मुंबईच्या इतिहासात या बाईचं नाव कुठे येत नाही. यायला हवं.

तेव्हाच्या घराघरांत काय चाललं होतं हे आपल्याला कळतं ते ऑगस्टस अर्ल या चित्रकारामुळे. १८२४ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला जाण्याच्या बेताने निघालेला हा माणूस चित्रं काढायला म्हणून ट्रिस्टनवर उतरला. हवा बिघडली आणि जहाज त्याला सोडून निघून गेलं. आठ महिने तो अडकला. अंगावरचे कपडे फाटले. रोज क्षितिजाकडे बघत बसायचा; तसं बसलेलं स्वतःचं चित्रही त्याने काढलं. पण या हताश माणसाने एक चांगलं काम केलं, त्याने बेटावरच्या मुलांना शिकवलं. ग्लासची मुलं तोवर बरीच झाली होती (पुढे ती सोळा झाली, आठ मुलगे आणि आठ मुली). बेटावरचा पहिला मास्तर असा जहाज चुकलेला माणूस. रविवारी प्रार्थना सांगण्याचं कामही त्याच्याकडेच आलं. सात वर्षांनी हाच अर्ल डार्विनच्या ‘बीगल’ जहाजावर चित्रकार म्हणून गेला.

बेटावर बायका कमी आणि अविवाहित पुरुष पाच. १८२७ मध्ये त्यांनी ॲम नावाच्या एका ओळखीच्या कप्तानाला गळ घातली, सेंट हेलेनाहून आमच्यासाठी बायका आण. त्याने आणल्या. पाच स्त्रिया, सोबत काही मुलं. ज्यांना कधी पाहिलं नाही अशा पुरुषांशी लग्न करायला त्या अनोळखी किनाऱ्यावर उतरल्या. त्यांनी मागे काय सोडलं असेल, कोणत्या गरिबीतून किंवा गुलामीच्या सावलीतून त्या निघाल्या असतील, याचा विचार करताना मन थांबतं. ट्रिस्टनच्या आजच्या घराण्यांत त्यांचं रक्त आहे, पण आडनावं पुरुषांची राहिली. ग्लास आणि स्वेन; १८३६ मध्ये जहाज फुटून आलेल्या डच पीटर ग्रीनचं ग्रीन; अमेरिकन व्हेलशिकाऱ्यांची हेगन आणि रॉजर्स; आणि १८९२ मध्ये ‘इटालिया’ जहाज फुटल्यावर राहिलेल्या दोघा इटालियनांची लाव्हारेलो आणि रेपेट्टो. गाव म्हणजे मुख्यतः ही सात आडनावं.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. व्हेलची शिकारही घटत चालली होती, आणि कोळशावर चालणाऱ्या बोटींना वाऱ्याची वाट धरण्याचं कारण उरलं नाही. बटाटे आणि मांस देऊन पीठ, साखर, कापड घेण्याचा बेटाचा व्यवहार बसत गेला. १८८२ मध्ये एका फुटलेल्या जहाजातून उंदीर उतरले आणि धान्याची शेती संपली. आता जहाज दिसलं की जीव धोक्यात घालून त्याच्याकडे जायचं, एवढंच हातात उरलं. २८ नोव्हेंबर १८८५ ला ‘वेस्ट रायडिंग’ हे जहाज दिसलं तेव्हा गावातले पंधरा पुरुष होडी घेऊन निघाले. एकही परत आला नाही. गावात म्हातारे, विधवा आणि मुलं राहिली. ‘ॲलिस’ लिहिणाऱ्या लुईस कॅरलचा भाऊ एडविन डॉजसन त्या आधी बेटावर पाद्री होता. तो पुन्हा आला आणि त्याने लोकांना बेट सोडायचा सल्ला दिला. काही गेले. बाकीचे राहिले. पंधरा बाप गमावलेल्या त्या पोरांनी अर्धवट वयात होड्या हाती घेतल्या, म्हणून गाव टिकलं.

यानंतरची पन्नास वर्षं खरी एकाकीपणाची. पहिलं महायुद्ध संपल्याची बातमी १९१९ मध्ये ‘यारमथ’ ही युद्धनौका आली तेव्हा मिळाली. टपाल वर्षानुवर्षं येत नसे.

या काळातलं बालपण कसं होतं? पाद्री असेल तेव्हा शाळा, नसेल तेव्हा शाळा नाही. घरं मऊ ज्वालामुखी दगडाची, दोन्ही टोकांच्या भिंती जाड, छपराला फ्लॅक्स या झाडाच्या पानांचं शाकारणं, आत फुटलेल्या जहाजांचं लाकूड. गावापासून तीन-चार किलोमीटरवर दगडी कुसवांची लहान लहान बटाट्याची शेतं. त्यांना ‘पॅचेस’ म्हणतात. बैलगाडीच्या मागे मुलं तिकडे जायची. बटाटा लावणं, खणणं, शेणखत आणि समुद्री शेवाळ वाहणं हीच त्यांची प्राथमिक शाळा. बटाटा सकाळी, बटाटा दुपारी, बटाटा रात्री; सोबत मासे, पेंग्विनची अंडी, क्वचित मांस. साखर नसल्यामुळे १९३० च्या दशकात तपासणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या माणसांचे दात पाहून नवल वाटलं होतं. कीड जवळजवळ नाहीच. पुढे दुकान आलं, साखर आली आणि ते दात गेले.

मुलगा मोठा झाला हे ठरायचं होडीवर. लाकडी सांगाड्यावर जाड कापड ताणून, रंगवून केलेल्या लांब होड्या. वजनाला हलक्या, म्हणजे पुळणीवर उचलून आणता याव्यात अशा. त्या घेऊन पुरुष नाइटिंगेल बेटावर जायचे, साधारण ३८ किलोमीटर उघड्या समुद्रातून, अंडी, पक्ष्यांची चरबी आणि खताला ग्वानो (पक्ष्यांची विष्ठा) आणायला. हवा फिरली तर तिथेच दिवसच्या दिवस अडकून पडायचं. पहिल्यांदा नाइटिंगेलला जाऊन आलेला पोरगा परत येई तेव्हा तो पोरगा राहिलेला नसे. मुली लोकर पिंजायला, कातायला आणि विणायला शिकत. मोजे विणताना त्यात रंगीत पट्टे घालत. ज्याला ते मोजे मिळायचे त्याला पट्टे मोजून मुलीच्या मनातलं कळायचं. जुन्या वर्षाच्या रात्री तरुण मुलं मुखवटे आणि चित्रविचित्र कपडे घालून ‘ओकालोली’ व्हायची आणि गावभर मुलींना घाबरवत हिंडायची. कोकणात शिमग्याच्या सोंगांत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

१९३७-३८ मध्ये नॉर्वेची शास्त्रीय मोहीम आली. तिच्यातला समाजशास्त्रज्ञ पीटर मुंक याने बेटाचा पुढे आयुष्यभर अभ्यास केला. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट अशी: इथे कोणी कोणाला हुकूम करत नाही, आणि तरी कामं होतात. तुझं छप्पर शाकारायला मी येतो, माझं कुसू बांधायला तू ये. बैल कापला तर मदतीला आलेल्यांच्या घरी वाटा जातो. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला आणि एकविसाव्या वाढदिवसाला सारं गाव जेवतं. चढ्या आवाजाने बोलणं हीच इथे नामुष्की. ग्लासचा करार वाचलेली माणसं गावात फार नसतील, पण मुलं तो कुटुंबात वावरताना शिकत होती.

हे चित्र गोड आहे म्हणून खोटं नाही, पण त्याची दुसरी बाजूही खरी आहे. थोड्या घराण्यांतल्या आपसातल्या लग्नांमुळे दमा निम्म्या गावाला होता. अडलेली बाळंतीण, पोटातलं दुखणं, मोडलेलं हाड, सगळ्याला औषध एकच: जहाजाची वाट. भुकेची वर्षं आली आणि सरकारने बेट सोडायचं सुचवलं, एकदा नाही, अनेकदा.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, इंग्रजांच्या नौदलाने बेटावर गुप्त हवामान आणि रेडिओ केंद्र उभारलं. त्याबरोबर डॉक्टर आला, नियमित शाळा आली, आणि पहिल्यांदाच रोजगाराचा पैसा आला. तोवर बटाटा हेच नाणं होतं. १९४६ मध्ये बेटासाठी टपाल तिकीट मागताना नॉर्वेच्या मोहिमेत आलेल्या ॲलन क्रॉफर्डने जो नमुना केला, त्याच्यावर किंमत छापली होती एक पेनी, अर्थात चार बटाटे. सरकारने तो नमुना मंजूर केला नाही. पुढे तिथले शेवंड पकडून डबाबंद करण्याचा कारखाना निघाला आणि गावाच्या हातात पगार आला.

१९६१ च्या ऑगस्टपासून जमीन हादरू लागली. ऑक्टोबरात गावाच्या अगदी कडेला भेग पडली, जमीन फुगून वर येऊ लागली. ९ ऑक्टोबरची रात्र सगळ्यांनी पॅचेसवरच्या खोपटांत काढली. दुसऱ्या दिवशी मासेमारीच्या बोटींनी त्यांना नाइटिंगेलला पोहोचवलं, तिथून ‘तिसादाने’ या डच बोटीने केप टाउनला, आणि मग ‘स्टर्लिंग कॅसल’ने इंग्लंडला. ३ नोव्हेंबरला बेटाची २६४ माणसं साउथॅम्प्टनला उतरली. त्यांतल्या बहुतेकांनी आगगाडी, झाडांची रांग, रस्त्याला भरलेली गर्दी यांपैकी काहीच पाहिलं नव्हतं.

आधी त्यांना सरीमधल्या एका लष्करी छावणीत ठेवलं, मग साउथॅम्प्टनजवळच्या काल्शॉटला हवाई दलाच्या रिकाम्या घरांत. इंग्लंडने दिलदारपणे सगळं दिलं. कपडे, घरं, कारखान्यांत नोकऱ्या. पण सर्दीपडशाच्या जंतूंची ज्यांच्या अंगाला फारशी सवय नव्हती त्यांना इंग्लंडचा हिवाळा झेपला नाही, आणि पहिल्याच थंडीत काही वृद्ध दगावले. दम्याचा अभ्यास करायला डॉक्टर आले, बोली टिपायला भाषातज्ज्ञ आले, वार्ताहर तर रोज. तरुण मुलं मात्र रमली असं दिसत होतं. मोटारसायकली, सिनेमा, नाच, दर आठवड्याचा पगार. सरकारने धरून चाललं होतं की म्हातारे घराची आठवण काढतील आणि पोरं राहतील. कोण परत जाणार त्या खडकावर?

त्या काळातल्या शहाण्या माणसांचीही समजूत अशीच होती: मागासलेल्यांना एकदा प्रगतीची चव दाखवली की ते मागे वळून बघत नाहीत. ट्रिस्टनच्या लोकांनी ही समजूत फार शांतपणे खोटी पाडली. रॉयल सोसायटीच्या मोहिमेने १९६२ मध्ये बेटावर जाऊन पाहिलं: कारखाना आणि होड्या लावायच्या पुळणी लाव्हाखाली गेल्या होत्या, मेंढ्या संपल्या होत्या, पण गावातलं घर मात्र एकच जळलं होतं. मुखिया विली रेपेट्टो आणि इतरांनी परत जाण्याची मागणी लावून धरली. डिसेंबर १९६२ मध्ये गुप्त मतदान झालं. परत जाण्याच्या बाजूने १४८ मतं पडली, विरोधात ५.

त्यांनी इंग्लंड नाकारलं ते अज्ञानातून नव्हे. दोन्ही ठिकाणी राहून पाहिलेल्या प्रौढ माणसांनी केलेली ती निवड होती, आणि एवढ्या जाणतेपणाने आपलं जगणं निवडण्याची संधी फार थोड्या समाजांना मिळते. इंग्लंडमध्ये त्यांना दाराला कुलूप लावावं लागलं, साहेबाला वेळेवर हजेरी द्यावी लागली, शेजाऱ्याचं नाव माहीत नसताना राहावं लागलं. बेटावर वाढताना त्यांच्या अंगात मुरलं होतं ते याच्या नेमकं उलट.

१९६३ च्या एप्रिलमध्ये पहिली मोठी तुकडी परतली, नोव्हेंबरमध्ये ‘बॉर्नहोल्म’ बोटीने बाकीचे. काही जण इंग्लंडलाच राहिले. परतलेल्यांतले काही जण तीन वर्षांनी पुन्हा इंग्लंडला गेले, त्यांतलेही कित्येक पुढे बेटावर आले. लाव्हाने बुडवलेल्या पुळणीच्या जागी १९६७ मध्ये लहानसं बंदर बांधलं आणि त्याला ‘काल्शॉट’ हे नाव दिलं. ज्या ठिकाणी राहायचं नाही असं ठरवलं, त्याचंच नाव कृतज्ञतेने आपल्या दारात लावणारी ही माणसं.

आज गावात अडीचशेहून कमी लोक आहेत. विमानतळ नाही; केप टाउनहून बोटीने साधारण आठवडा लागतो, आणि वर्षातून मोजक्याच बोटी येतात. सेंट मेरीज शाळेत मुलं सोळाव्या वर्षापर्यंत शिकतात. त्यापुढे शिकायचं तर समुद्र ओलांडावा लागतो, आणि जाणारी मुलं सगळीच परत येत नाहीत. जमीन आजही सगळ्यांच्या सामाईक मालकीची आहे. बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही, तिथे वस्तीही करता येत नाही. कोणत्या घराने किती गुरं आणि किती मेंढ्या ठेवायच्या याला ठरलेली मर्यादा आहे. कारणं दोन सांगतात: चराई टिकावी, आणि एक घर दुसऱ्याहून श्रीमंत होऊ नये.